आमचे सेवेकरी सासरे

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर सेवा केली, आणि ज्यांची ज्यांची केली त्यांतले बहुतेक अजून त्यातून सावरलेले नाहीत. आधी देशाची, मग गावाची, त्यानंतर देवाची. मधे एका दिवसाचाही खाडा नाही. निवृत्ती हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "निवृत्त होतो तो पगारी माणूस," ते म्हणत, "सेवा करणाऱ्याला कसली आलीय निवृत्ती?" पेन्शन ते नियमित घेत, पण तो विषय निराळा. फौजेतून ते नाईक म्हणून परतले. गावाने एसटीतून उतरता उतरताच त्यांना सुभेदार करून टाकलं, आणि ही बढती त्यांनी फारसे आढेवेढे न घेता स्वीकारली. मी त्यांचा जावई. माझ्याशी लग्न करताना त्यांच्या मुलीने एक नवरा मिळवला आणि त्यांनी एक जवान भरती केला, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

देशसेवेबद्दल ते बोलू लागले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फ, धूर आणि गोळीबार उभा राही. "आमची तुकडी पहाडावर. खाली दरी, वर दुश्मन. एक पाय घसरला की सगळं खाली!" यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ती तुकडी खेचरांची होती, हे त्यांच्या बोलण्यात फार उशिरा यायचं, तेही कोणी खोदून विचारलं तर. उंचावरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल, औषधं पोचवणाऱ्या खेचरांच्या तांड्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. ते काम जोखमीचं होतं आणि त्याची थट्टा मी करणार नाही. माझी तक्रार एवढीच, की पुढे उभ्या आयुष्यात त्यांनी माणूस आणि खेचर यांत भेद म्हणून केला नाही, आणि क्वचित केलाच तर खेचराच्या बाजूने केला. "खेचराला एकदा सांगितलं की कळतं," असं म्हणून ते समोरच्याकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेखाली मी बरीच वर्षं काढली आहेत. राणी नावाचं त्यांचं एक खेचर बर्फात गेलं. तिची आठवण निघाली की ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. सासूबाई आतून म्हणत, "मी गेल्यावर पण काढा हां टोपी. नायतर इसराल."

मला बघायला ते पेणला आमच्या घरी आले तो दिवस मला अजून आठवतो. माझे वडील गणपती घडवणारे. ओटीवर, अंगणात, माळ्यावर कच्चे गणपती सुकत ठेवलेले होते. चहापोहे झाल्यावर इतर मुलींचे बाप पगार विचारतात, शिफ्ट विचारतात, डोलवीला कंपनीत परमनंट की कंत्राटी ते विचारतात. सासरे म्हणाले, "बूट-मोजे काढा." मला वाटलं, आत देवघरात नेतायत. तर ते खाली उकिडवे बसले, माझा पाय घोट्याला धरून उचलला आणि तळवा उजेडाकडे फिरवून बघितला. मग दुसरा. "टाच बरी हाय," ते म्हणाले, "चढाला टिकेल." माझ्या आईने पदर तोंडाला लावला. जाताना दाराशी थांबून त्यांनी ओटीवरच्या गणपतींवरून नजर फिरवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "रांग सरळ नाय." मुंबईच्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांसमोर कधी न वाकलेले माझे वडील खाली बसून एकेक गणपती सरळ करू लागले. लग्न ठरलं.

त्यांचं गाव कोलाडपासून आत, डोंगराच्या अंगाला. भात निघालं की वाल पेरायचे, वाल निघाले की मे महिन्यातल्या लग्नांची वाट बघायची, असं निवांत गाव. तिथे सासरे सरपंच झाले, आणि गावाच्या लक्षात आलं की आपण निवडून दिलंय खरं, पण कशाला ते आधी विचारायला हवं होतं. ग्रामसभा उजाडताना भरू लागली. उशिरा येणाऱ्याने बाहेर उभं राहायचं. प्रश्न विचारायचा असेल तर आधी सावधान, मग प्रश्न, मग विश्राम. पहिलं विकासकाम म्हणून त्यांनी गुरांना पाणी प्यायला दगडी हौद बांधून घेतला. फार देखणा हौद. गावात तोवर गुरं उरली होती थोडी आणि मोटारसायकली झाल्या होत्या फार, त्यामुळे आजही त्या हौदावर दर रविवारी मोटारसायकली धुतल्या जातात. मग त्यांनी हागणदारीमुक्तीची मोहीम उघडली. पहाटे गळ्यात शिट्टी अडकवून ते ओढ्याकाठच्या करवंदीत दबा धरून बसत, आणि टमरेल घेतलेला माणूस दिसला की "हॉल्ट! कौन है?" म्हणून गर्जत. माणूस जागच्या जागी सावधान. टमरेल डाव्या हातात, कारण उजवा सलामीला गेलेला. गावात संडास बांधले गेले हे खरं आहे, आणि श्रेय त्यांचंच आहे. पण पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाने वीज, पाणी, रस्ता यांतलं एकही आश्वासन दिलं नाही. तो घरोघर जाऊन एवढंच सांगत होता, "मी शिट्टी वाजवणार नाय." तो प्रचंड मतांनी आला.

हरल्यावर काही दिवस ते कोलाडच्या नाक्यावर जाऊन वाहतूक सुरळीत करत असत. कोणी सांगितलं नव्हतं. हायवेचं काम चाललेलं, त्यात सासरे मधोमध उभे. एकदा त्यांनी गोव्याकडची आणि मुंबईकडची अशी दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच वेळी थांबवली, कारण एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. म्हातारी चहाच्या टपरीवर जाऊन बसली, चहा पिऊन झाला, तरी वाहतूक थांबलेलीच. तिला परत यायचं असेल तर, असा त्यांचा विचार होता. पोलिसांनी हात जोडून त्यांना घरी पाठवलं. मग त्यांनी देवाकडे मोर्चा वळवला.

गावदेवीच्या देऊळ समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि देवीला प्रथमच वक्तशीरपणा कळला. काकडआरती शिट्टीवर. घंटा प्रत्येकाने एकदाच वाजवायची. पोरांनी लोंबकळून वाजवली तर बापाने देवळाची झाडलोट करायची. प्रसादाला रांग, रांगेत अंतर, हात पुढे, प्रसाद, उजवे वळ. भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांना त्यांनी एकदा भर अभंगात थांबवून विचारलं की हीच ओळ पुन्हा पुन्हा का म्हणताय, देवीला पहिल्यांदा ऐकू आली नाय काय? पण गाव खरं दुखावलं ते पालखीवरून. आमच्याकडे चैत्रात पालखी निघते ती नाचत. चार खांद्यांवर ती उसळते, गिरकी घेते, दारादारांत मागेपुढे झुलते, ढोलाबरोबर तीही अंगात आल्यासारखी होते. वर्षभर सुरतेला नि मुंबईला राबणारी गावची माणसं तेवढ्या नाचासाठी रजा टाकून येतात. सासऱ्यांनी नाच बंद केला. "देवी आत बसलेय. तिला हिसके बसत असतील. तुमच्या आयशीला बसवून असं नाचवाल काय?" तेव्हापासून पालखी एक-दो-एक चालू लागली, पुढे छातीवर पदकं लावून सासरे. बघायला आलेले पाहुणे म्हणत, सरकारी कार्यक्रम दिसतोय. सासूबाई म्हणाल्या, "ह्ये देवीला पण पेन्शनीत काढतील तेव्हाच सोडतील."

या सासूबाईंबद्दल मी आतापर्यंत फारसं बोललो नाही. सासरेही कधी बोलत नसत. ते पहाडावर होते तेव्हा शेत ह्यांनी केलं, लेक ह्यांनी वाढवली, स्वतःच्या सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं ह्यांनी काढलं. ते परत आल्यावरही यात काही बदल झाला नाही. फक्त जेवायला एक माणूस वाढलं. घरात मीठ कुठे असतं हे सासऱ्यांना माहीत नव्हतं. हाक मारायची झाली तर ते "ऐकलंस काय गो?" असं भिंतीकडे बघून म्हणत. त्यावर त्या कधी चिडल्या नाहीत. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

एका सकाळी सासूबाई वालाच्या शेतात खुरपत असताना कोसळल्या. उजवी बाजू गेली. शेजारच्या बाईने बघितलं, आरडाओरडा केला, कोणाची तरी गाडी काढून त्यांना रोह्याला दवाखान्यात नेलं. मला डोलवीला शिफ्टवर फोन आला. मी पेणहून बायकोला घेतलं आणि आम्ही रोह्याला पोचलो. आम्ही पेणहून पोचलो, पण सासरे गावातून पोचायचे होते. ते देवळात होते. देवळाला कुठला रंग द्यायचा यावर समितीची मीटिंग चालू होती, आणि निरोप मिळाल्यावर त्यांनी "उरकून येतो" म्हणून सांगितलं होतं. आले तेव्हा बायकोने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मीटिंग अर्धवट टाकता येत नाय," ते मला म्हणाले. मग ते खाटेजवळ गेले. सासूबाईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात चादरीवर कोणाचा तरी विसरल्यासारखा पडला होता. आपण उभं कुठे राहायचं हे त्या माणसाला कळत नाहीये, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते पायथ्याशी गेले, उशाशी आले, परत पायथ्याशी गेले.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले की जिवाचा धोका टळला, आता रोज व्यायाम, रोज मालीश, रोज दवाखान्यात आणायचं, आणि धीर धरायचा. बायको लगेच म्हणाली, "आई, तू पेणला माझ्याकडे यायचं." सासरे म्हणाले, "बरोबर हाय. मुलीकडे नीट होईल. इकडं चैत्र जवळ आलाय, पालखीचं माझ्यावर हाय."

सासूबाईंची जीभ जड झाली होती. त्यांनी मान हलवली आणि एकेक शब्द ओढून काढल्यासारखा बोलल्या.

"मी नाय जायाची. ह्यांनी करायचं."

"आई, बाबांना कसं जमेल?"

"देशाची केली. गावाची केली. देवाची केली." त्या मधे थांबल्या, श्वास घेतला. डावा हात उचलून त्यांनी सासऱ्यांकडे बोट केलं. "आता माजी करा."

सासरे ताठ उभे होते, बदलीचा हुकूम वाचून दाखवल्यावर उभे राहतात तसे. मग त्यांनी विचारलं, "कधीपर्यंत?"

"जमंल तवर," सासूबाई म्हणाल्या.

गावातून रोज रोह्याला येणं शक्य नव्हतं, म्हणून मी रोह्याला लागूनच वरसेला एका नव्या इमारतीत तळमजल्याची खोली भाड्याने बघून दिली. तिथे आमच्या सासऱ्यांची चौथी सेवा सुरू झाली, आणि पहिल्या आठवड्यात सासूबाई वाचतात की नाही असं आम्हाला पुन्हा एकदा वाटलं. भात रोज करपत होता. वरण कधी पिवळं पाणी, कधी सिमेंट. साडी धुऊन ते अशी पिळत की ती पुन्हा उलगडायला दोन माणसं लागत. व्यायाम शिट्टीवर. "दाहिना पाँव, उठा!" शिट्टी. "रख!" शिट्टी. वरच्या मजल्यावरची माणसं विचारायला आली, खाली शाळा निघालीय काय. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सासूबाईंनी डाव्या हाताने त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून काढली आणि खिडकीतून बाहेर गटारात टाकली. पक्षाघातानंतर शरीराने केलेली ती पहिली जोरकस हालचाल, म्हणून फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्यांचं कौतुक केलं. ज्या शिट्टीने एक ग्रामपंचायत पाडली तिचा असा शेवट झाला.

शिट्टी गेल्यावर जे सुरू झालं ते आम्हाला फार नंतर कळलं, कारण दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. एका दुपारी मी आणि बायको न कळवता गेलो. दार लोटलेलं होतं. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, त्यांचा उजवा पाय सासऱ्यांच्या मांडीवर, शेजारी कोमट तेलाची वाटी. ते पावलापासून वरपर्यंत अंगठा दाबत नेत होते, मधेच थांबून तळव्याची कातडी चिमटीत धरून बघत होते, आणि सगळा वेळ अगदी हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होते. आम्ही दारातच थांबलो. "शाबास बेटा. धीरे. घबराना नहीं. मैं हूँ ना, बेटा, चल." हा आवाज त्यांच्याकडे आहे हे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. घसरड्या वाटेवर बुजलेल्या जनावराशी बोलायचा तो आवाज होता, आणि तो माणसांसाठी त्यांनी कधी वापरलाच नव्हता.

आम्हाला बघून ते खेकसले, "दार वाजवता येत नाय?"

ते हात धुवायला गेले तेव्हा सासूबाईंनी लेकीला जवळ बोलावलं. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं. "इतकी वर्सं झाली गो," त्या म्हणाल्या, "तोंडातनं गोड शब्द निघाला. तो पण खेचराचा." आणि मग पाणी आलं, ते मात्र दोन्ही डोळ्यांतून.

चैत्रात पालखीच्या आठवडाभर आधी समितीची माणसं वरसेला आली. सासऱ्यांनी त्यांना येताना खिडकीतून बघितलं, शर्ट बदलला आणि खुर्ची सरळ करून बसले. आता गाव आपल्याला न्यायला आलंय, गयावया करणार, असं त्यांना वाटलं असावं. मी तिथेच होतो. त्या माणसांनी नारळ आणि शाल काढली, नारळ सासऱ्यांच्या हातात दिला, शाल अंगावर घातली, आणि पुढे केलेला चहा घेता घेता म्हणाली, "सुभेदार, तुम्ही काकींकडं बघा. तिकडची काळजी करू नका. आम्ही नवा अध्यक्ष निवडलाय." सासऱ्यांनी विचारलं, "पालखी चालवतच न्याल ना?" "व्हय, व्हय," सगळे एकदम म्हणाले. इतक्या एकसुरात ही समिती त्यांच्या शिट्टीवरही कधी बोलली नव्हती. निघताना त्यांच्या पावलांत जो हलकेपणा होता तो मला दिसला, आणि सासऱ्यांनाही दिसला. शाल अंगावर तशीच ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. उन्हाळा होता, तरी.

पालखीच्या दिवशी ते जायचं नाही म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मला जायचंय." मग मी गाडी काढली. देवळाच्या वळणावर, एका घराच्या पडवीत आम्ही सासूबाईंची खुर्ची मांडली. सासरे मागे उभे, साध्या शर्टात. पदकं त्यांनी लावली नव्हती. ढोल जवळ आला, आणि वळणावरून पालखी आली ती उसळत, गिरक्या घेत, गुलालात बुडालेली, इतक्या वर्षांचा राहिलेला नाच एकदम फेडून घेत. बायका ओरडत होत्या, म्हातारे उड्या मारत होते. तेवढ्यात पुढच्या भोयांची नजर पडवीकडे गेली. सासरे दिसले मात्र, चौघांचे खांदे ताठ झाले, पाय आपोआप जुळले आणि पालखी एक-दो-एक चालू लागली. ढोलवाले गोंधळून थांबले. सगळं गाव आमच्याकडे बघायला लागलं.

बोलल्या त्या सासूबाई. त्यांनी खुर्चीच्या हातावर डावा हात आपटला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडल्या, "आरं, नाचवा की तिला!"

भोई सासऱ्यांकडे बघत होते. सासऱ्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, मग भोयांकडे, आणि मान हलवली. हो म्हणून. ढोलावर जी टिपरी पडली ती अजून माझ्या कानात आहे. पालखी दारात आली, झुलली, मागे गेली, पुन्हा आली. सासूबाई उठायला धडपडू लागल्या. सासऱ्यांनी त्यांच्या काखेत हात घातला, आणि त्या उभ्या राहिल्या. वाकड्या, थरथरत, पण स्वतःच्या पायांवर. सगळं गाव देवीला हात जोडून होतं. देवीसमोर उभं राहून देवीकडे न बघणारा एकच माणूस तिथे होता. तो बायकोला सावरण्यात गुंतला होता.

सासूबाई काठी घेऊन चालू लागल्या, तरी दोघं गावाला परत गेली नाहीत. वरसेलाच राहतात. सासऱ्यांचा भात आता करपत नाही, पण वरणाबद्दल मी अजून काही बोलणार नाही. गेल्या रविवारी सुट्टीला आम्ही गेलो होतो. संध्याकाळी दोघं रोजच्यासारखी नदीच्या बाजूला फिरायला निघाली, आणि मी थोडं अंतर ठेवून मागून चाललो होतो. सासरे त्यांच्या उजव्या अंगाला, हात धरून. रस्त्याने स्कूटर हॉर्न वाजवत जात होत्या. सासऱ्यांचं पाऊल अलीकडे फार हळू पडतं; मधेच त्यांना दम लागतो, आणि ते कोणाला सांगत नाहीत. पुलाजवळ आल्यावर मला दिसलं की त्यांचा श्वास चढलाय. सासूबाईंना तर काहीच झालेलं नव्हतं. तरी त्या थांबल्या, कठड्याला हात टेकला आणि म्हणाल्या, "जरा थांबा. मला पाणी बघायचंय."

"बघ," सासरे म्हणाले, आणि कठड्याला टेकले.

पुलाखाली पाणी फार नव्हतं. सासऱ्यांचा श्वास खाली बसेपर्यंत सासूबाई ते बघत राहिल्या.